पितळी जोड

“हा घ्या तुमचा चोर,” असं म्हणून बाबालालचाचांनी चिमट्यात धरलेला रबराचा काळा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. तुकडा जेमतेम नखाएवढा होता. एका बाजूनं चिरलेला, तेलानं फुगलेला आणि बोटाला चिकटणारा.

“दोन महिनेसुद्धा टिकली नाही ही नळी,” मी म्हणालो.

“उन्हाळा हाय साहेब. वर पत्रा तापतोय, खाली मोटर तापती. मधी ही बिचारी काय करंल?”

कुठल्याही निर्जीव वस्तूची बाजू घ्यायची चाचांची सवय होती. पाना निसटला तर चूक हाताची, खिळा वाकला तर चूक हातोड्याची. त्यांचं आडनाव शिकलगार, वय सत्तावन्न, आणि आमच्या रेल्वे प्रशिक्षण केंद्रातली छोटी आगगाडी चालती ठेवणं हे त्यांचं काम.

ही गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची. आमच्याकडे नवे असिस्टंट स्टेशन मास्तर शिकायला येत. त्यांच्यासाठी एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये गुडघ्याएवढ्या उंचीवर रूळ मांडलेले होते. त्या शेडला सगळे मॉडेल रूम म्हणत. आंबेवाडी आणि चिंचवाडी अशी दोन लुटुपुटीची स्टेशनं, प्रत्येकाला एक टेबल, फोन, घंटा आणि सिग्नलचे खटके. मधे प्लायवूडची भिंत, म्हणजे एका मास्तरला दुसऱ्याचं स्टेशन दिसू नये. रूळ त्या भिंतीमागून मोठं वळण घेऊन एका स्टेशनातून दुसऱ्यात जात. मी, दिवेकर, तिथला सगळ्यात तरुण इन्स्ट्रक्टर. खिशात इंजिनिअरिंगचा डिप्लोमा होता आणि आपल्याला सगळं कळतं असा पक्का समज होता.

आमच्या इंजिनात मोटर वरच्या सांगाड्याला बसवलेली होती आणि गिअर खाली चाकांच्या गाड्यावर. मोटरचा दांडा आणि गिअरचा दांडा यांना जोडणारी वस्तू म्हणजे ही नळी. सायकलच्या व्हॉल्वला घालतात तीच. चाचा ती दुकानातून हातभर आणत, कात्रीनं तुकडा कापत आणि थुंकी लावून दोन दांड्यांवर चढवत. नवी असताना ती झकास चालायची, आवाजसुद्धा यायचा नाही. मग उष्णतेनं सैल पडली की मोटर फिरायची आणि गाडी जागची हलायची नाही. शिकणारी पोरं हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा, कारण ती माझ्याकडे बघून हसायची.

“आता हे थुंकीचं इंजिनिअरिंग पुरे,” मी म्हणालो. “मी पितळेचा जोड करून आणतो. दोन्ही टोकांना भोक, दोन्ही दांडे आत, वरून बारीक स्क्रू. घसरायचा प्रश्नच नाही.”

चाचांनी इंजिन उलटं करून मांडीवर घेतलं आणि चाकांचा गाडा बोटानं डावीउजवीकडे फिरवला.

“वळणावर हे असं फिरतं. वरची मोटर फिरत न्हाई. ती सरळच बसती. मग तुमचं पितळ कुणाचं ऐकणार? वरच्याचं का खालच्याचं?”

“फरक केवढा आहे चाचा? केसभर.”

“केसभरच हाय,” ते म्हणाले. “रबराला त्येचं काय वाटत न्हाई. पितळाला वाटंल.”

मी काही ऐकलं नाही. सांगलीच्या एका लेथवाल्याकडे दोन तास उभा राहून जोड बनवून घेतला. वस्तू सुरेख झाली होती. मी ती पॉलिश केली, प्राचार्यांना दाखवली, त्यांनी चष्मा वर करून “वा” म्हटलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तो बसवला आणि चार डबे लावून गाडी फिरवली. खटका दाबला की इंजिन तत्काळ हलायचं, सोडला की थांबायचं. मला इतका आनंद झाला की मी चाचांना चहा पाजला.

“उद्या परीक्षेला अकरा डबे लागतील,” चाचा बशीत चहा ओतत म्हणाले. “एकदा अकरा लावून बघू या.”

“चाराला चालतं ते अकराला चालतं.”

“बघायला काय जातंय?”

“वेळ जातोय,” मी म्हणालो आणि सिग्नलांना रंग द्यायला निघून गेलो.

त्या तुकडीत रत्नप्रभा आवळे नावाच्या एक बाई होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, बी.कॉम. झालेल्या. नवरा रेल्वेत गार्ड होता, तो काविळीनं गेला आणि त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर त्यांना घेतलं. पुस्तकातला नियम विचारला तर पान क्रमांकासकट सांगायच्या. पण मॉडेल रूममध्ये घंटा वाजली की त्यांचा हात थबकायचा. प्रत्येक गोष्ट दोनदा बघायच्या. परीक्षेत वेळ मोजतात, त्यामुळे त्या दोनदा नापास झाल्या होत्या. ही तिसरी खेप, आणि चौथी नसते. नापास झाल्या तर मास्तरची जागा जाणार आणि कुठल्या तरी ऑफिसात शिपाई म्हणून बसावं लागणार. त्यांना सात वर्षांची मुलगी होती. आदल्या आठवड्यात मी त्यांना जरा चिडूनच म्हणालो होतो, “बाई, इतकं बघत बसलात तर गाडी म्हातारी होईल.”

त्या हसल्या नाहीत. “बघते म्हणून तर चुकत नाही ना, सर,” एवढंच म्हणाल्या.

परीक्षक म्हणून फणसळकर साहेब आले होते. घाईचा माणूस. अठरा उमेदवार संपवून त्यांना दुपारची गाडी पकडायची होती. ते चिंचवाडीला उमेदवाराच्या मागे खुर्ची टाकून बसले. आंबेवाडीचा मास्तर मी. चाचा तेलाची झारी घेऊन भिंतीच्या टोकाला स्टुलावर. मधे कुणी गाडीला हात लावायचा नाही, असं साहेबांनी बजावलं होतं.

पहिले सात जण छोट्या गाडीवर सुखरूप पार पडले. माझा जोड सुरेख चालत होता. आठव्या आवळेबाई.

“यांना मालगाडी द्या,” साहेब भिंतीपलीकडून म्हणाले. “अकरा डबे. मागोमाग पॅसेंजर.”

मी घंटा वाजवून मालगाडीसाठी लाइन क्लिअर मागितली, म्हणजे पलीकडचा रस्ता मोकळा आहे का ते विचारलं. त्यांनी दिली. मी खटका दाबला. अकरा डबे माझ्यासमोरून गेले. शेवटच्या डब्याच्या पाठीला पावडरच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेली चिमुकली पाटी होती, लाल ठिपक्याची. खऱ्या गाडीलाही मागे अशीच पाटी असते. ती दिसली म्हणजे गाडी पुरी आली, मधे काही तुटून राहिलं नाही. ती पाहिल्याखेरीज मास्तरनं गाडी आली असं कळवायचं नाही आणि मागच्या गाडीला रस्ता द्यायचा नाही. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

गाडी भिंतीमागच्या वळणावर गेली आणि मोटरचा सूर बदलला. ती कण्हायला लागली. गाडीचा वेग उतरला, चाकं जवळजवळ थांबली, आणि मग अडकलेलं काहीतरी एकदम सुटल्यासारखं झालं. खट्.

पुन्हा मोटरचा सूर मोकळा झाला. मी मान वर केली तर चाचा माझ्याकडेच बघत होते.

मला समजलं होतं. वळणावर पितळ आखडलं, ओझ्यानं तट्ट झालं आणि सुटताना इंजिनानं हिसका दिला. अशा हिसक्यानं डब्यांचा हुक निघतो. चार डब्यांना तो बसला नसता, अकरांना बसला. हे सगळं कळायला मला अर्धा क्षणही लागला नाही. आणि तरी मी गप्प राहिलो. परवाच प्राचार्यांनी “वा” म्हटलं होतं, हे माझ्या डोक्यात होतं. तेवढ्यासाठी मी गप्प राहिलो, हे आज लिहितानाही लाज वाटते.

भिंतीपलीकडे गाडी चिंचवाडीत शिरल्याचा आवाज आला. गाडी थांबली. आता गाडी पुरी पोचल्याची घंटा यायला हवी होती. ती आली नाही.

“आली गाडी. घंटा द्या,” फणसळकर साहेबांचा आवाज.

“साहेब, शेवटच्या डब्याला पाटी दिसत नाही.”

“पडली असेल. दिवेकर, ही पाटी पडते का हो?”

खरं म्हणजे पाटी डिंकानं चिकटवलेली होती आणि महिन्यातून दोन-तीनदा पडायचीच.

“पडते साहेब, बऱ्याचदा,” मी म्हणालो. बोललो ते अक्षर न् अक्षर खरं होतं. इतकं खरं बोलून इतकं खोटं मी त्यानंतर कधी बोललो नाही.

“ऐकलंत? मॉडेल आहे बाई हे. पडली समजा आणि पुढे चला. दिवेकर, पॅसेंजर मागा.”

मी घंटा वाजवली. पॅसेंजरसाठी लाइन क्लिअर. उत्तर आलं नाही. पुन्हा वाजवली.

“तुमची तीन मिनिटं गेलेली आहेत,” साहेब म्हणाले. “मागच्या दोन्ही वेळी याच पायी गेलात. कागदावर तसा शेरा आहे.”

“हो साहेब.”

“मग?”

“पाटी दिसल्याशिवाय मला लाइन क्लिअर देता येणार नाही.”  

साहेबांनी पेनाचं टोपण काढल्याचा आवाज झाला. आणि तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. चाचा स्टुलावर ताठ बसले.

“आंबेवाडी, मी चिंचवाडी बोलते. तुमच्याकडून गाडी किती डब्यांनिशी निघाली?”

नियमाप्रमाणेच विचारलं होतं. शंका आली तर पलीकडच्या मास्तरला विचारायचं. मीच त्यांना हे शिकवलं होतं.

“अकरा.”

“पाटी होती?”

“होती. मी बघितली.”

“माझ्याकडे आठ डबे आलेत.” मग त्या म्हणाल्या, “वाटेत काही आवाज आला का, सर?”

‘माहीत नाही’ एवढं म्हणून भागलं असतं. दोन शब्द. तोंडाशी आलेसुद्धा होते. पण समोर चाचा बसले होते, मांडीवर झारी, नजर माझ्यावर. त्या नजरेत राग नव्हता, नुसती वाट बघणं होतं. रागावले असते तर मी बहुतेक खोटं बोललो असतो.

“आला,” मी म्हणालो. “वळणावर. खट् असा.”

“तुम्ही ऐकला?”

“हो.”



“मग मला पॅसेंजरसाठी लाइन क्लिअर का मागितलीत?”

शब्द हळू होते आणि त्यात कसलाही आरोप नव्हता. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. फोन तसाच टेबलावर ठेवला, उठलो आणि भिंतीला वळसा घालून चिंचवाडीला गेलो.

“साहेब, गाडी तुटलेली आहे,” मी म्हणालो. “तीन डबे मागे वळणावर उभे असतील. बाईंची काही चूक नाही. इंजिनात मोटरला मी नवा पितळेचा जोड घातलाय, तो वळणावर आखडतो. मला चाचांनी आधी सांगितलं होतं. आणि आवाज ऐकूनही मी तुम्हाला पाटीचं सांगितलं.”

फणसळकर साहेब उठले आणि भिंतीमागे गेले. आम्ही तिघंही मागोमाग. तीन डबे वळणाच्या ऐन पोटात उभे होते आणि तिसऱ्याच्या पाठीवर लाल ठिपक्याची पाटी सरळ, व्यवस्थित चिकटलेली होती. साहेब कमरेत वाकून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“पॅसेंजर सुटली असती तर इथं आली असती,” ते स्वतःशीच म्हणाले. मग खुर्चीकडे गेले, शेरा लिहायला घेतलेला कागद त्यांनी फाडला आणि दुसरा घेतला. दुपारची गाडी त्यांची चुकली. मला आठवडाभरात लेखी समज मिळाली, आणि प्राचार्य पुढे वर्षभर मला ‘पितळवाले’ म्हणत.

आवळेबाई पास झाल्या. पहिला नंबर वगैरे नाही, पण झाल्या.

संध्याकाळी आम्ही तिघं शेडच्या पायरीवर चहा पीत होतो. 

“तुम्ही ऐकला होता ना आवाज?” मी चाचांना विचारलं. “मग बोलला का नाहीत?”

“तुमी बोलाल म्हणून थांबलो.”

“आणि मी बोललोच नसतो तर?”

“तर मग बोललो असतो की. पण मग तुमचं बोलायचं कायमचं ऱ्हायलं असतं.”

मी बाईंकडे वळलो. त्यांची माफी मागायची होती, पण शब्द नीट जुळेनात, म्हणून भलतंच विचारलं, “तीन मिनिटं गेली, साहेब पेन काढून बसले, तुम्हाला भीती नाही वाटली?”

“वाटली ना. पोरगी डोळ्यांसमोर आली.” त्यांनी कप खाली ठेवला. “आमचे हे गार्ड होते. नेहमी शेवटच्या डब्यात. घरी येऊन म्हणायचे, स्टेशनात गाडी शिरली की सगळी माणसं इंजिनाकडं बघतात, नाहीतर खिडक्यांकडं. माझ्याकडं कुणी बघत नाही. एकटा मास्तर तेवढा बघतो. मास्तरनं बघितलं की मला बरं वाटतं.” मग त्या म्हणाल्या, “मॉडेल आहे ते मलाही माहीत होतं, सर. पण न बघता घंटा दाबायला हातच होईना.”

चाचांनी बाईंच्या कपात आपल्यातला अर्धा चहा ओतला.

दुसऱ्या दिवसापासून चाचांनी आणि मी मिळून तिसरा जोड केला. एका दांड्यावर पितळेची इवलीशी वाटी, दुसऱ्यावर गोळी. गोळीतून आरपार एक पिन, आणि पिनेची टोकं फिरायला वाटीला दोन खाचा. मोटर फिरली की वाटी गोळीला फिरवणार, वळण आलं की गोळी वाटीतल्या वाटीत कलणार. पहिल्यांदा मी खाचा इतक्या घट्ट केल्या की गोळी हलेचना. चाचांनी कानस घेतली आणि माझ्यासमोर त्या मोठ्या केल्या.

“अजून किती?” मी विचारलं.

त्यांनी माझं बोट धरून गोळीवर ठेवलं आणि हलवलं. “एवढं हलू दे. ह्यापेक्षा कमी केलं तर आखडंल, जास्त केलं तर खडखडंल. मापानं न्हाई, हातानं कळतंय हे.”

आम्ही अकरा डबे लावले, मग माझ्या हट्टापायी चौदा. वळणावर मोटरचा सूर जराही बदलला नाही. तो जोड पुढे एकोणीस वर्षं चालला. चाचा निवृत्त झाले, नंतर गेले, आणि त्यांच्या मागेही चालला. पहिला पितळी जोड माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. बायको विचारते हे काय लोढणं, मी सांगतो जुना सुटा भाग आहे.

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो. एका विद्यार्थ्याकडून कळलं की आवळेबाई आता दक्षिणेकडच्या एका लहान स्टेशनावर मास्तर आहेत आणि त्यांचीही थोडीच वर्षं उरली आहेत. फोन नंबर मिळाला होता, पण फोनवर काय बोलणार? फोनवरच तर त्यांनी मला विचारलं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर देणं राहून गेलं होतं, आणि ते त्यांना तोंडावर द्यावं असं मला फार वाटत होतं. मग एकदा भाच्याच्या लग्नाला त्याच मार्गानं जायचं होतं, तेव्हा मुद्दाम दिवसाची गाडी घेतली आणि फलाटाच्या बाजूची खिडकी. माझा डबा गाडीच्या मधोमध होता.

एक्सप्रेस तिथं थांबत नाही, हे मी तिकीट काढताना पाहिलंच नव्हतं. सगळं आयुष्य रेल्वेत काढलेला माणूस, पण स्वतःच्या कामाची गोष्ट आली की असाच. स्टेशन जवळ आलं तसा वेग थोडा उतरला. फलाटावर ऑफिसच्या दाराशी त्या उभ्या होत्या. केस पांढरे, पांढरा गणवेश, हातात हिरवा बावटा. मी ओळखलं. खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि ओरडलो, “आवळेबाई! मी दिवेकर!”

पाच-सहा हातांवरून माझी खिडकी त्यांच्यासमोरून गेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागे, गाडीच्या शेपटाकडे लागलेली होती.

मला वाईट वाटलं नाही. उलट इतकं बरं वाटलं की शेजारचा प्रवासी विचारायला लागला, कोण होत्या त्या. मी गजांना गाल लावून मागे बघत राहिलो. एकेक डबा त्यांच्यासमोरून जात होता आणि त्या हलत नव्हत्या. शेवटचा डबा आला. गार्डानं दारातून हिरवा बावटा दाखवला, त्यांनी आपला दाखवला. पाटी समोरून पुढे जाईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग बावटा गुंडाळला आणि घंटा द्यायला आत गेल्या.